बीपी निघालं, आता काय? पहिला महिना कसा काढायचा

गणपतीच्या आधीच्या रविवारी आमच्या पेठेतल्या मंडळाचं रक्तदान शिबिर असतं. सहा वर्षांपूर्वी नेहमीसारखा गेलो. दोन जिने चढून वर, अमृततुल्यचा चहा नुकताच पोटात गेलेला, जुने कार्यकर्ते भेटल्यामुळे तोंडाचा पट्टा सुरू. टेबलाशी बसलेल्या मुलीनं शर्टाच्या बाहीवरूनच दंडाला पट्टा गुंडाळला, आकडा पाहिला, पुन्हा एकदा दाबून पाहिला आणि म्हणाली, "काका, आज नको. १६४-१०२ आलंय. डॉक्टरांना दाखवून घ्या."

मला काही म्हणजे काही होत नव्हतं. डोकं दुखत नव्हतं, चक्कर नव्हती, छातीत धडधड नव्हती. त्यामुळे "मशीन बिघडलेलं असणार" हे माझं स्वतःचं निदान. संध्याकाळपर्यंत सोसायटीनं दुसरं केलं, "टेन्शन घेतोस तू फार." रात्री बहिणीचा फोन, "दादा, रिकाम्या पोटी लसूण खा." पुढचे दहा दिवस मी लसूण खाल्ला, दिवसातून चार वेळा तीन वेगवेगळ्या दुकानांत जाऊन बीपी मोजलं, दर वेळी वेगळा आकडा आला आणि दर वेळी जास्त घाबरलो. यातलं काहीच करायची गरज नव्हती. काय करायला हवं होतं, ते खाली क्रमानं लिहितो. मी डॉक्टर नाही, सहा वर्षांचा पेशंट आहे. औषधाचा निर्णय तुमच्या डॉक्टरांचाच.

एका आकड्यावर काही ठरवू नका

आधी आकडा समजून घ्या. हृदय आकुंचन पावून रक्त पुढे ढकलतं तेव्हा रक्तवाहिन्यांवर जो दाब येतो तो वरचा आकडा. दोन ठोक्यांच्या मध्ये हृदय सैल पडतं तेव्हाचा दाब खालचा. मोजमाप पाऱ्याच्या मिलिमीटरमध्ये. पारा विषारी म्हणून २०१३ च्या मिनामाता करारानंतर ती जुनी उभी पाऱ्याची मशीनं हळूहळू जात चालली आहेत, पण माप त्याचंच राहिलं.

दवाखान्यात, वेगवेगळ्या दिवशी मोजून, वरचा १४० किंवा त्याहून जास्त, किंवा खालचा ९० किंवा त्याहून जास्त येत राहिला तर त्याला उच्च रक्तदाब म्हणतात. दोन्हींपैकी एक वाढलेला असला तरी पुरतं. "माझं वरचंच जास्त आहे, खालचं बरोबर आहे" यात समाधान मानण्यासारखं काही नाही, वय वाढल्यावर बहुतेकांचं तसंच असतं. अमेरिकेत २०१७ पासून ही रेषा १३०/८० वर आणली आहे, म्हणून इंटरनेटवर वाचणाऱ्यांचा गोंधळ होतो. आपल्याकडचे बहुतेक डॉक्टर निदानासाठी १४०/९० धरतात.

आता माझ्या शिबिरातल्या आकड्याकडे बघा. जिना चढून आलेलो, चहा प्यायलेला, बोलत होतो, पट्टा कपड्यावरून, हात लोंबकळत, आणि खरं सांगायचं तर लघवीला जायचं होतं. यातली प्रत्येक गोष्ट आकडा वर ढकलते. हात हृदयापेक्षा दहा सेंटिमीटर खाली असला तर तेवढ्यानंच सात-आठ अंक वाढतात. शिवाय डॉक्टरांचं तोंड पाहूनच काहींचं बीपी चढतं, घरी एकदम छान. याच्या उलटे लोकही असतात, दवाखान्यात १२८ आणि घरी किंवा ऑफिसात रोज १५०. ते जास्त धोक्याचं, कारण ते कुणाला दिसतच नाही.

मात्र त्या मुलीनं चुकीचं मोजलं म्हणून बीपी नव्हतंच, असं नाही. ते कळायचा रस्ता एकच.

मशीन आणि सात दिवसांची वही

दंडाला लावायचं डिजिटल मशीन घ्या. मनगटाचं नको, मनगट थोडं हललं की आकडा बदलतो. घेण्याआधी शिंप्याच्या टेपनं दंडाचा घेर मोजा. बऱ्याच मशीनसोबत येणारा साधा पट्टा साधारण २२ ते ३२ सेंटिमीटरसाठी असतो. दंड जाड असेल आणि पट्टा लहान पडत असेल तर बीपी खोटं जास्त येतं, तेव्हा मोठा पट्टा मागून घ्या. पहिल्यांदा डॉक्टरांकडे जाताना मशीन सोबत न्या, त्यांच्या मशीनशी ताडून घ्या. नाडी अनियमित असेल तर ही मशीनं चुकू शकतात, तेही विचारून ठेवा.

मोजायचं कसं, ते आमच्या घरचं सांगतो. सकाळी उठून, लघवीला जाऊन आल्यावर, चहाच्या आणि गोळीच्या आधी. जेवणाच्या टेबलाची खुर्ची, पाठ टेकलेली, दोन्ही पाय जमिनीवर सपाट, मांडीवर मांडी नाही. बनियनवर बसायचं म्हणजे बाही वर सरकवून दंड आवळण्याचा प्रश्न नाही. हात टेबलावर, खाली उशीची घडी, म्हणजे पट्टा छातीच्या मध्याच्या पातळीला येतो. मग पाच मिनिटं नुसतं बसायचं. पेपर नाही, मोबाइल नाही, बोलणं नाही. ही पाच मिनिटं सर्वांत अवघड. पहिल्याच दिवशी बटण दाबलं आणि स्वयंपाकघरातून आवाज आला, "अहो, सिलिंडर नोंदवलात का?" मी उत्तर दिलं. आकडा १५३. पाच मिनिटं गप्प बसून पुन्हा मोजलं, १४१. तेव्हापासून मशीन बाहेर आलं की घरात कुणी माझ्याशी बोलत नाही. हा एक अनपेक्षित फायदा.

एका मिनिटाच्या अंतरानं दोनदा मोजा, दोन्ही आकडे लिहा. संध्याकाळी जेवणाआधी पुन्हा तसंच. आधीच्या अर्ध्या तासात चहा, सिगारेट, व्यायाम नको. पहिल्या दिवशी दोन्ही दंडांवर मोजा, ज्या हाताचं जास्त येईल तोच हात पुढे कायम. दोन हातांत दहा-पंधराहून जास्त फरक सतत येत असेल तर डॉक्टरांना सांगा.

असं सात दिवस. पहिला दिवस सोडून द्या, त्या दिवशी आपण मशीनला घाबरलेले असतो. उरलेल्या सहा दिवसांचे चोवीस आकडे होतात. वरच्यांची वेगळी सरासरी, खालच्यांची वेगळी. घरच्या सरासरीची रेषा थोडी खाली असते, १३५/८५. माझी निघाली १४६/९३. म्हणजे शिबिरातला १६४ फुगलेला होता, पण बीपी खरंच होतं.

वही कागदाचीच ठेवा असं माझं मत. आकडा वाईट आला की माणूस पुन्हा मोजतो आणि बरा आलेला तेवढाच लिहितो. मीही केलंय. पेनानं आधी लिहायचं, मग विचार करायचा. वही आणि दवाखाना यांचा मेळ बसत नसेल तर डॉक्टर चोवीस तास दंडाला राहणारं मशीन लावायला सांगतात. झोपेतलं बीपीही त्यात कळतं.

डॉक्टरांकडे जाताना काय न्यायचं

सरळ मोठ्या हॉस्पिटलात हृदयरोगतज्ज्ञाकडे धावायची गरज बहुतेकांना नसते. गल्लीतले फॅमिली डॉक्टर हे काम उत्तम करतात. खर्चाचा प्रश्न असेल तर महापालिकेचे दवाखाने आहेत, आमच्या पुण्यात ससून हे सरकारी रुग्णालय आहे. रांग असते, पण बीपीच्या नेहमीच्या गोळ्या आणि तपासण्या तिथे होतात.

सोबत वही न्या आणि एका पिशवीत घरातली सगळी औषधं. सगळी म्हणजे खरंच सगळी. माझ्या पिशवीतून जे निघालं त्यावर डॉक्टरीणबाई माझ्या बीपीपेक्षा जास्त वेळ बोलल्या. रविवारी सिंहगड चढून आलं की गुडघे दुखायचे, म्हणून मी केमिस्टकडून डायक्लोफेनॅक घ्यायचो, आठवड्यातून तीन-चार वेळा. दुखणं घालवणाऱ्या अशा गोळ्या, आयबुप्रोफेनसुद्धा, शरीरात मीठ-पाणी धरून ठेवतात, बीपी वाढवतात आणि मूत्रपिंडालाही त्रास देतात. चोंदलेलं नाक मोकळं करणाऱ्या सर्दीच्या गोळ्या, स्टेरॉइड, काही गर्भनिरोधक गोळ्या यांचंही तसंच. अ‍ॅसिडिटीवर पाण्यात फसफसणारी पावडर म्हणजे सोडियमचा डोस. आणि ज्येष्ठमध! घसा बसला की चघळायचं, काढ्यात टाकायचं, गाणाऱ्यांच्या खिशात तर असतंच. रोज भरपूर पोटात गेलं तर त्यानं बीपी चढतं आणि पोटॅशियम उतरतं. घरगुती म्हणून निरुपद्रवी, हा आपला लाडका गैरसमज.

तपासण्या थोड्याच असतात: लघवीतली प्रथिनं, रक्तातलं क्रिएटिनिन (मूत्रपिंड कसं चाललंय ते यावरून कळतं), सोडियम-पोटॅशियम, साखर, कोलेस्टेरॉल आणि ईसीजी. मूत्रपिंडावर डॉक्टरांचं लक्ष असतं, कारण ते बिघडलं तर बीपी वाढतं आणि बीपी वाढलं तर ते बिघडतं. डोळ्यांचा पडदा तपासायला सांगतील तर टाळू नका. शरीरातल्या बारीक रक्तवाहिन्या कापाकापी न करता थेट दिसतात त्या तिथेच.

पण मलाच का?

शंभरातल्या नव्वदाहून जास्त लोकांत एक असं कारण सापडत नाही. आई-वडिलांकडून आलेलं, वय, मीठ, वजन, बैठं काम, दारू, असं सगळं थोडं थोडं मिळून होतं. टेन्शननं आकडा तेवढ्यापुरता चढतो हे खरं, पण सगळं खापर त्याच्यावर फोडलं की मीठ आणि पोट सुटतात नामानिराळे.

उरलेल्या थोड्यांत मात्र ठोस कारण असतं: मूत्रपिंडाचा आजार, त्याच्या रक्तवाहिनीत अडथळा, मूत्रपिंडावरच्या ग्रंथीतून जादा संप्रेरक, थायरॉइड. वय तिशीच्या आसपास, किंवा बीपी अचानक भडकलेलं, किंवा तीन-तीन गोळ्यांनीही न ऐकणारं, किंवा पोटॅशियम कमी, यातलं काही असलं तर डॉक्टर तिकडे शोध घेतात. घोरणाऱ्यांनी एक गोष्ट आवर्जून सांगावी, खरं तर शेजारी झोपणाऱ्यानं सांगावी: घोरता घोरता मध्येच श्वास थांबतो का, मग दचकून सुरू होतो का, दिवसा पेंग येते का. झोपेतला तो अडथळा बीपीचं मोठं कारण असतो.

मिठाचा हिशेब

जागतिक आरोग्य संघटना सांगते, दिवसाला माणशी ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ. म्हणजे एक चहाचा चमचा, सगळं धरून. ऐकून सगळे म्हणतात, "आमच्याकडे कमीच असतं." आम्हीही म्हणालो. मग बायकोनं मिठाच्या नव्या पुड्यावर पेनानं तारीख घातली. आम्ही घरात तिघं. तीस दिवसांनी किलोचा पुडा संपला. हजार ग्रॅम भागिले नव्वद, माणशी अकरा. थोडं उकळत्या पाण्याबरोबर मोरीत जातं हे मान्य, पण बाहेरची मिसळ, बाकरवडी, पाव, चीज, फरसाण यांतलं मीठ त्या पुड्यात धरलेलंच नव्हतं.

आपल्या ताटात पहिलं वाढतात तेच मीठ. नंतर डाव्या बाजूला लिंबू, चटणी, लोणचं, कोशिंबीर. त्या डाव्या बाजूलाच आमचं निम्मं मीठ होतं. आम्ही ताटातलं मीठ बंद केलं, लिंबाची फोड मोठी केली. लोणचं रोजचं आठवड्यावर आणलं. पापड सणाला, कारण त्यात मीठ आणि पापडखार दोन्ही, आणि खारही सोडियमच. ताकात मिठाऐवजी जिरेपूड आणि आलं. पोळीच्या कणकेत मीठ घालायचं सोडलं, ते कुणाच्या लक्षातही आलं नाही. आमटीतलं मात्र पहिल्या आठवड्यात सगळ्यांच्या लक्षात आलं. तीनेक आठवड्यांनी जीभ सवयीची झाली. आता बाहेरची भाजी खारट लागते.

सैंधवानं फरक पडत नाही. उपासाच्या खिचडीतलं शेंदेलोणही मुख्यतः तेच सोडियम क्लोराइड, फक्त गुलाबी आणि महाग. बाजारात कमी सोडियमचं मीठ मिळतं, त्यात पोटॅशियम असतं आणि ते बीपीला चांगलं. पण मूत्रपिंड कमजोर असेल किंवा पोटॅशियम वाढवणाऱ्या काही बीपीच्या गोळ्या चालू असतील तर तेच धोक्याचं. विचारल्याशिवाय घेऊ नका. पालेभाज्या, डाळी, फळं, दही यांनी ताट भरा, हे साधं. मूत्रपिंडवाल्यांनी फळांचंही विचारावं.

चालणं, वजन, बाकीचं

आठवड्याला दीडशे मिनिटं, बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही अशा चालीनं. पुण्यात टेकड्यांची चैन आहे, वेताळ, तळजाई, हनुमान. ज्यांना चढ नको त्यांना सारसबाग किंवा एम्प्रेस गार्डन. पर्वतीच्या १०३ पायऱ्या छान आहेत, पण बीपी १८० च्या घरात असताना पहिल्याच आठवड्यात पर्वती सर करायला जाऊ नका. आधी औषधानं खाली येऊ द्या. वजन जास्त असेल तर उतरलेल्या प्रत्येक किलोमागे वरचा आकडा साधारण एकानं उतरतो. तंबाखू, सिगारेट बंद, मशेरीही. "मी तंबाखू खात नाही, फक्त मशेरी लावते" हे आमच्या मावशीचं वाक्य होतं.

गोळी लागली तर

डॉक्टरीणबाईंनी मला अ‍ॅम्लोडिपिन दिली आणि मी तो प्रश्न विचारला जो सगळे विचारतात. "एकदा सुरू केली की आयुष्यभर ना?" त्या म्हणाल्या, "चष्मा लागला तेव्हा विचारलं होतं का?" वजन आणि मीठ खूप उतरलं तर काहींची मात्रा कमी होते, क्वचित बंदही होते. पण ते डॉक्टर ठरवणार. "आता बीपी नॉर्मल आलंय, मग कशाला घ्यायची" असं म्हणणारे दर गल्लीत भेटतात. ते नॉर्मल गोळीमुळेच आलेलं असतं.

थोडी ओळख करून घ्या. अ‍ॅम्लोडिपिन रक्तवाहिन्या सैल करते. तिनं काहींच्या घोट्यांना सूज येते, पायमोजा काढल्यावर खोल वळ दिसतो. टेल्मिसार्टनसारख्या 'सार्टन' गोळ्या आणि एनालाप्रिल, रॅमिप्रिलसारख्या 'प्रिल' गोळ्या बीपी चढवणाऱ्या संप्रेरकांच्या एकाच साखळीवर वेगवेगळ्या ठिकाणी काम करतात. प्रिलनं काहींना कोरडा खोकला लागतो, लोक महिनाभर खोकल्याची औषधं घेत बसतात. क्लोरथॅलिडोनसारखी गोळी लघवीवाटे मीठ-पाणी काढते. यातलं काही जाणवलं तर गोळी फेकू नका, फोन करा, बदलून मिळते. गरोदर असाल किंवा तसा विचार असेल तर आधी सांगा. प्रिल आणि सार्टन तेव्हा चालत नाहीत, आणि गरोदरपणातलं बीपी हा स्वतंत्र, तातडीचा विषय आहे.

सकाळी की रात्री यावर वाद घालत बसू नका. ब्रिटनमधल्या एकवीस हजारांहून जास्त लोकांवरच्या अभ्यासात (२०२२) दोन्हींत फरक निघाला नाही. रोज आठवेल ती वेळ खरी. माझी गोळी चहापत्तीच्या डब्यावर असते. एखाद्या दिवशी राहिलीच तर दुसऱ्या दिवशी दोन घेऊ नका. जनौषधी केंद्रातली गोळी स्वस्त मिळते. केमिस्टच्या भाषेत 'सॉल्ट', म्हणजे गोळीतलं मूळ औषध, आणि मिलिग्रॅम तेच आहे ना, एवढं बघा. हे सॉल्ट वेगळं, ते कमी करायचं नाही.

साधारण चार आठवड्यांनी पुन्हा वहीसकट दाखवायला जा. पासष्टीच्या आतल्या बहुतेकांना झेपत असेल तर १३०/८० च्या खाली आणायचा प्रयत्न असतो, वयस्कर माणसाला थोडी सूट. एप्रिल-मेच्या उन्हात बीपी आपोआप उतरतं, उठल्यावर गरगरायला लागतं, तेव्हा उभं राहूनही मोजून डॉक्टरांना कळवा. डिसेंबरात उलट, थोडं चढतं.

रात्री अकरा वाजता १९० आलं तर

आधी बसा. पाच मिनिटांनी पुन्हा नीट मोजा. १८०/१२० च्या वर आहे आणि सोबत छातीत दुखतंय, दम लागलाय, तोंड वाकडं झालंय, हात-पाय लुळा पडलाय, बोलणं अडखळतंय, दिसेनासं झालंय किंवा कधी नव्हे इतकं डोकं दुखतंय, तर १०८ ला फोन. स्वतः गाडी चालवत जाऊ नका. यातली लक्षणं असतील तर आकडा कमी दिसला तरी थांबायचं नाही.

यातलं काहीच होत नसेल तर ती लगेच धावपळीची वेळ नाही. चुकलेली गोळी आठवते का बघा, शांत पडा, डॉक्टरांशी बोला, सकाळी गाठा. मनानं जादा गोळी नको. आणि कुणी शेजारी जिभेखाली फोडायची जुनी निफेडिपिनची कॅप्सूल घेऊन आले तर त्यांना चहा द्या, कॅप्सूल घेऊ नका. बीपी एकदम धाडकन पडलं तर मेंदूचा आणि हृदयाचा रक्तपुरवठा तुटू शकतो.

बीपी ताब्यात आलं की रोज मोजायची गरज नाही. मी महिन्यातून दोन-तीन दिवस मोजतो आणि भेटीच्या आधीचा आठवडा पूर्ण. मधल्या काळात मशीनमधले सेल काढून ठेवतो, नाहीतर ते गळतात. असंच एकदा सेल बदलल्यावर चालतंय का बघायला म्हणून बायकोच्या दंडाला पट्टा लावला. तिला कधीच काही होत नाही. १५८ आलं. सध्या तिच्या वहीचा चौथा दिवस आहे, आणि सकाळी बोलायचं नाही ते आता मला.